डोहातले बियाणे



मागच्या जिल्हा बैठकीत विषयपत्रिका वाचून दाखवली गेली, तेव्हा सातव्या क्रमांकाला 'नदीतले डोह व त्यातले जीव' असा विषय होता. पैनगंगेच्या काठच्या दोन गावांनी तो दिला होता. मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणाले, ''कापूस घरात पडला आहे, तुरीला गिऱ्हाईक नाही, आणि आता आपण मासोळ्या मोजत बसायचं का?'' हशा झाला. हसणाऱ्यांत मीही होतो. मग वेळ संपली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. तो आता पुन्हा येतो आहे, म्हणून हे लिहावे लागत आहे.

त्या मागच्या रांगेतल्या भावाचा प्रश्न रास्तच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, ते कुणाच्या भल्यासाठी हे आपल्याला शिकवायला नको. कापसाच्या भावावर या पत्रकाने आजवर लिहिले, पुढेही लिहू. पण शेतकऱ्याच्या घरात येणारे सगळेच काही बाजार समितीच्या काट्यावरून येत नाही. विहिरीचे पाणी येते, बैलाचे पिणे येते, पावसाळ्याच्या तोंडी आठ दिवस पोराबाळांच्या ताटात मासोळी येते. त्याची पावती कुणी फाडत नाही, म्हणून ते गेले तरी तोट्याच्या खात्यात कुठे लिहिले जात नाही. ते किती गेले आणि कसे गेले, हे एकदा आपसात बोलून घेऊ.

सुरवात माझ्यापासून करतो.

२०१६ चा उन्हाळा कुणी विसरले नसेल. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तो उन्हाळा. आमच्या गावाखाली पैनगंगेच्या एका उपनदीवर डोह आहे. काठावर उंबर आणि करंज, खाली काळा खडक, बैल पोहणीला लावायची जागा. १९७२ च्या दुष्काळातही त्याचा तळ दिसला नव्हता, असे वडील सांगत. त्या मे महिन्यात त्या डोहावर पाच मोटारी बसल्या. त्यातली एक माझी. मान्सूनपूर्व कपाशी लावायची होती. दोन एकर. पाऊस वेळेवर येईल, लवकरची बोंडे हाती लागतील, चार पैसे जास्त मिळतील असा हिशेब. आठव्या दिवशी मोटारीने हवा ओढली. जाऊन पाहतो तर गुडघाभर चिखल आणि त्यात मरळी वळवळत होत्या. पोरे घमेली भरभरून घेऊन गेली. वीतभर शिंगटे, वामी, हाताएवढे शिंपले, आणि एक परातीएवढे मऊ पाठीचे कासव. त्या रात्री गावात घरोघरी कालवण होते. दुसऱ्या दिवसापासून वास सुटला.

कपाशी वाचली की नाही? अर्धी वाचली. पण डोहापासून दीडशे पावलांवर माझी विहीर आहे, ती त्याच आठवड्यात बसली. ती आधी कधी बसली नव्हती. डोहाचे पाणी आणि विहिरीचे पाणी हे एकच पाणी आहे, एवढी साधी गोष्ट कळायला मला ती मोटार लावावी लागली. पुढच्या पावसात डोह भरला. पाणी आले, मासा आला नाही. दोन-तीन वर्षांनी आला तो चिलापी. मरळ अजून नाही.

गोदावरीचे खोरे मोठे आहे. सव्वातीन लाख चौरस किलोमीटरला थोडे कमी, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग आपल्या महाराष्ट्रात. पूर्णा, मांजरा, पैनगंगा, वर्धा, वैनगंगा सगळ्या शेवटी तिलाच मिळतात. पण आपल्या भागातल्या नद्या हिमालयातल्या नद्यांसारख्या बर्फावर जगत नाहीत. चार महिने पाणी, मग दोन-तीन महिने धार, आणि होळीनंतर नदी तुटते. तुटलेल्या नदीत उरतात ते डोह. नदीतले जे काही जिवंत आहे ते मार्च ते जून त्या डोहांत गोळा होते. मासे, झिंगे, खेकडे, कासवे, शिंपले, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या, सगळे. मृगाचा पाऊस पडला, नदी जोडली गेली की तिथूनच ते वर-खाली पसरतात. आपण ज्वारीच्या कणसांतले निवडक दाणे राखेत घालून मडक्यात ठेवायचो ना, तसे हे आहे. डोह हे नदीचे बियाण्याचे मडके आहे. दुष्काळात पोट जाळायला बियाणे खाल्ले तर पुढच्या वर्षी पेरायचे काय? हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. मात्र नदीच्या बाबतीत आपण सगळेच बियाणे खाऊन बसलो.

त्या बियाण्यात काय काय होते हे नव्या पोरांना ठाऊक नाही. मरळ हवा घेऊन जगते, चिखलात तग धरते, आणि नर-मादी दोघेही पिलांच्या लालसर घोळक्याची राखण करतात. तो घोळका वर आला की काठावरचा माणूस गळ टाकतो, आई-बाप पकडतो आणि पिले इतर मासे खातात. शिंपल्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. शिंपला दिवसभर पाणी आत घेतो, गाळतो आणि स्वच्छ करून बाहेर सोडतो. त्याला पगार नाही, बिल नाही. पण त्याची पिले जन्मल्यावर काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, तेव्हाच पुढे शिंपला होतात. म्हणजे मासा गेला की काही वर्षांनी शिंपलाही जातो, आणि शिंपला गेला की पाण्याला शेवाळाचा वास मारू लागतो. मऊ पाठीचे जे कासव मी त्या दिवशी चिखलात पाहिले, त्याच्या दख्खनच्या नद्यांत राहणाऱ्या एका जातीला शास्त्रज्ञ 'लिथचे कासव' म्हणतात. ती जात आता इतकी कमी उरली आहे की २०२२ साली जगातल्या देशांनी मिळून तिच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी घातली. माझ्या गावात त्या दिवशी त्या कासवाचे काय झाले ते मी लिहीत नाही. ते त्याच जातीचे होते का, हेही आता कोण सांगणार.

आपल्या माशांची नावे जगाच्या शास्त्रात आपल्याच भोयांच्या तोंडून गेली आहेत. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमाराला दख्खनच्या माशांची वर्णने छापली. खडशी माशाला त्याने 'खुद्री' नाव दिले, कोळशीला 'कोलस'. लॅटिन नावात मराठी शब्द. आज मात्र आपल्या राज्याला राज्यमासा निवडायचा होता तेव्हा, २०२३ साली, निवडला गेला पापलेट. समुद्राचा. पापलेटाशी आमचे वैर नाही. पण सातबाऱ्यावर ज्यांचे गाव आहे त्यांच्या नदीत कोणता मासा होता, हे मंत्रालयाला विचारावेसेही वाटले नाही, यात नवल नाही.

आता हे बियाणे कोण मोडते? मोटारीचे मी सांगितले. पूर्वी मोटार चालवायला डिझेल लागायचे, विजेचे बिल यायचे, तेवढा तरी लगाम होता. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, सौर पंपही आले. ते आपण मागूनच घेतले आणि ते आपल्या हक्काचेच होते. पण फुकटची मोटार डोहाचा शेवटचा हात सोडत नाही, ही गोष्टही खरी आहे.

मोटारीपेक्षा मोठा घाव वाळूचा आहे. वाळूबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण यात आपल्यातलेच ट्रॅक्टरवाले अडकले आहेत.

वाळू म्हणजे नदीतला निरुपयोगी कचरा, असे समजून लिलाव होतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. भिजलेल्या वाळूत कणाकणांच्या मध्ये सुमारे तिसरा हिस्सा पाणी असते. म्हणजे एका ब्रासमध्ये आठशे ते हजार लिटर. ते सगळे बाहेर येत नाही हे खरे, पण उन्हाने उडूनही जात नाही, कारण वरचा हातभर थर वाळला की खालचे पाणी झाकले जाते. आपल्या आया-बहिणी उन्हाळ्यात पात्रात झिरा खणून वाटीवाटीने घागर भरायच्या, ते हेच पाणी. भोई लोक नदीच्या पात्रात डांगराच्या वाड्या लावायचे, त्याही याच ओलीवर. ट्रॅक्टरची एक ट्रॉली गेली की तो पाण्याचा रांजणच गेला. रात्रीतून शंभर ट्रॉल्या जातात तेव्हा काय जाते ते तुम्हीच मांडा. खाली उघडा पडतो तो खडक किंवा चिकण माती. मग पूर आला की पाणी थांबत नाही, काठ खचतो, कडेचे शेत नदीत जाते. ज्याचे शेत जाते तो वेगळा आणि ज्याचा ट्रॅक्टर असतो तो वेगळा, म्हणून गावात भांडणे होतात. कासव अंडी घालते ते कोरड्या वाळूत. टिटवी आणि सुरय पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी देतात. जिथे पोकलेन फिरते तिथे अंडे राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्येच सांगितले की पाच हेक्टरपेक्षा लहान वाळूघाटालाही पर्यावरणाची परवानगी लागेल. त्यानंतर महाराष्ट्रात धोरणावर धोरण निघाले. २०२३ साली सहाशे रुपये ब्रासने लोकांना वाळू देऊ म्हणून सरकारी डेपो काढले, २०२५ साली ते गुंडाळून पुन्हा लिलाव आणला. कागद बदलले, रात्रीचा उपसा बदलला नाही. महसूल खात्यावर तोंडसुख घेणे सोपे आहे. पण वाळूघाटाचा विषय ग्रामसभेत येतो तेव्हा किती जण हजर असतात? घरकुलाच्या यादीला जेवढी गर्दी असते त्याच्या चौथा हिस्साही नसते.

विषाचे तर काय सांगावे. पूर्वी हिंगणबेटाचा चेचा किंवा गेळफळ टाकून मासे गुंगवत. तेही चांगले नव्हतेच, पण त्याचा परिणाम थोड्या पाण्यात आणि थोडा वेळ राही. आता कपाशीच्या फवारणीतले उरलेले औषध डोहात ओततात. अर्ध्या तासात सगळे वर येते, मासा, झिंगा, खेकडा, बेडूक. तेच मासे बाजारात विकले जातात आणि तुम्ही-आम्ही खातो. हे करणारा माणूस परगावचा नसतो. इंग्रजांच्या काळातला १८९७ चा मासेमारी कायदा नदीत सुरुंग लावण्याला आणि विष घालण्याला गुन्हा म्हणतो. सव्वाशे वर्षे झाली. पोलीस ठाण्यात हे कलम माहीत असलेला अंमलदार सापडला तर कळवा.

शेतातून धुऊन जाणारे औषध हा याच्याही पुढचा भाग. इथे आपल्याला जरा अवघडल्यासारखे होते, कारण शहरातले लोक लगेच बोट दाखवतात की शेतकऱ्यांनी नद्या विषारी केल्या. त्यांना आधी उत्तर देऊ. नागपूर शहराचे सांडपाणी नागनदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, ते कोणत्या शेतकऱ्याने सोडले? चंद्रपूरकडे इरई आणि वर्धेच्या काठाला कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत, ते कोणत्या वखराने ओढले? शहराने आपली मोरी स्वच्छ केल्याशिवाय आमच्या फवारणीच्या पंपाकडे बोट दाखवू नये.

हे सांगून झाले की मग आपल्या दाराकडे पाहू. कपाशीवर वर्षानुवर्षे जी औषधे मारली, त्यातले एंडोसल्फान माशांना फार घातक होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधेही मासे, झिंगे आणि खेकडे यांना अगदी थोड्या मात्रेत मारतात. बीटी कपाशी २००२ साली आली तेव्हा काही वर्षे फवारण्या कमी झाल्या, पुढे गुलाबी बोंडअळीने तिला दाद दिली नाही आणि पंप पुन्हा पाठीवर आला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. जे औषध फवारणाऱ्या माणसाला मारते ते ओढ्यातल्या मासोळीला सोडेल काय? मासोळी म्हणजे आपल्या आधी मरणारा साक्षीदार. म्हणून फवारणी नाल्याच्या काठाला आणून थांबवू नये, काठाच्या दहा-पंधरा पावले अलीकडेच थांबवावी. पंप, डबे नाल्यात विसळू नयेत. यात पैसा जात नाही.

बेडकांचीही आठवण ठेवा. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवायचा धंदा सरकारने १९८७ साली बंद केला. शेतातली कीड खाणारे बेडूक परक्यांच्या ताटात चालले होते म्हणून ओरड झाली होती. तेव्हा तंगड्या विकून बेडूक कमी झाले, आता ओढे-नाले विषारी आणि कोरडे करून होतात. त्यात डॉलरही मिळत नाहीत.

मृगाच्या पहिल्या पुराला मासा वर चढतो. चढणीचा मासा. पोटात अंडी असतात आणि त्याला उथळ, गवताळ, ताजे पाणी हवे असते. नाल्यात, ओढ्यात, शेताच्या सखल भागात तो येतो आणि तिथेच आपण पिशवी-जाळे लावून बसतो. एक गाभोळीचा मासा म्हणजे हजारो अंडी. पंधरा दिवस दम धरला तर पोळ्यापर्यंत तेच दसपट होऊन हातात येते. पण त्याला वर चढायला वाट तरी कुठे आहे? प्रत्येक नाल्यावर सिमेंटचा बंधारा. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे पावसाळ्यात काढायची असतात, ती बऱ्याच ठिकाणी गंजून तशीच अडकलेली. जलयुक्त शिवार योजनेत नाले खोल आणि सरळ केले. काही गावांना त्याचा फायदा झाला हे मी नाकारत नाही, माझ्या मेव्हण्याच्या गावाला झाला. पण नऊ हजार सहाशे कोटींच्या वर खर्च होऊन भूजल फारसे वाढले नाही, असे महालेखापालांनी २०२० साली लिहिले. आणि खडक फोडून, काठची झाडे उपटून केलेल्या सरळ चरात मासा कुठे लपेल? उंबराची, जांभळाची मुळे पाण्यात लोंबतात, त्यात पिले लपतात, फळे पडतात ती मासे खातात. आता काठापर्यंत नांगर जातो. ते झाड तोडून आपण दोन तास जास्त पेरले असतील.

नदीच्या मोठ्या वाटा तर आपल्या हातातच नाहीत. आपल्या नद्यांतले काही जीव थेट समुद्राशी नाते ठेवून असतात. गोदावरीचा मोठा झिंगा अंड्यांसाठी मचूळ पाण्याकडे जातो आणि त्याची पिले प्रवाहाविरुद्ध पुन्हा वर चढतात. अहीर मासा उलट समुद्रात अंडी घालून मरतो आणि त्याची पोरे नदीत येतात. खाली आंध्रात दौलेश्वरमला इंग्रजांनी १८५२ साली बंधारा बांधला, तेव्हापासून ही वाट अरुंद होत गेली. वर इसापूर झाले, गोसीखुर्द झाले, २०१९ साली प्राणहिता मिळाल्यानंतरच्या गोदावरीवर मेडीगड्डा झाले. त्याचे खांब २०२३ च्या ऑक्टोबरात खचले तो भाग वेगळा. पैनगंगेवरच्या चनाखा-कोरटा बंधाऱ्यासह २०१६ साली दोन राज्यांत करार झाला. हिशेब टीएमसीत झाला. काठच्या शेतकऱ्याला आणि भोयाला त्या टेबलाशी कुणी बोलावले नव्हते. गंगेसाठी केंद्र सरकारने २०१८ साली नदीत किमान किती पाणी वाहते ठेवायचे याची अधिसूचना काढली. आमची पैनगंगा काय सावत्र आहे? उन्हाळ्यात धरणातून पिण्याचे पाणी सोडतात तेव्हा ते डोह भरतील अशा बेताने सोडावे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. त्यात गुरांचे पाणी आहे, विहिरींचे पाणी आहे आणि मासाही आहे.

मत्स्यबीजाबद्दल थोडे. तलावांत सोडतात ते रोहू आणि मृगळ मूळचे गंगेकडचे. संस्थांचे पोट त्यावर आहे, विरोध नाही. चिलापी आफ्रिकेतून १९५२ साली आला आणि आता गटारातही सापडतो. आफ्रिकेच्याच मागुराला सरकारने २००० साली बंदी घातली तरी चोरून पाळतात, आणि शेततळे फुटले की तो नाल्यात जातो. तो जे दिसेल ते खातो. ज्याला पाळायचे त्याने शेततळ्यात परवानगीचा मासा पाळावा, डोहात काहीही ओतू नये. संकरित बियाण्याने गावरान ज्वारी कशी हटली ते आपण पाहिले आहे. ज्वारीच्या निदान चार जाती कुणाच्या तरी घरात सापडतात. डोहातला गावरान मासा कुणाच्या माळ्यावर ठेवलेला नाही.

हे सगळे हाताबाहेर गेले आहे असे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड नावाचा डोह आहे. देवीचा डोह म्हणून तिथे कुणी मासे धरत नाही, आणि हातभर लांबीचे मासे लोकांच्या हातचे खायला काठाशी येतात. पालघर जिल्ह्यात वैतरणेवर तिळशाला तसेच आहे. आमची चळवळ देवभोळी नाही, हे वाचकांना माहीत आहे. देवीने राखले की माणसांनी, यावर वाद घालायला मी तयार आहे. पण राखले गेले हे डोळ्यांनी दिसते, आणि त्यासाठी एक पैसा सरकारी अनुदान लागले नाही.

दुसरे उदाहरण जवळचे, भंडारा-गोंदियाचे. तिथले मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तिथे ढिवर बांधवांच्या मासेमार संस्था आणि मनीष राजनकर यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मिळून काम केले. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जुन्या ढिवरांना ठाऊक होते की कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोणता काय खातो. त्यांनी उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावातली बेशरम मुळासकट काढली, तळ नांगरला, पाऊस लागल्यावर पाण्यातल्या देशी वनस्पती आणून लावल्या. शेतात रोप लावावे तसे. देशी मासे परत आले, त्यामागे पक्षी आले. ते धानाचे मुलूख, तलावाचे मुलूख, आपली काळी कोरडवाहू. तसेच्या तसे इथे चालणार नाही. पण ज्यांना पाण्याचे कळते त्यांना विचारून काम केले, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे.

आणि इथेच आपली एक चूक सांगितली पाहिजे. सातव्या विषयाचा जो मसुदा आला आहे तो सगळा शेतकऱ्यांनी लिहिला आहे. डोहावर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे पोट चालले त्या भोई-ढिवरांना कुणी विचारलेले नाही. त्यांना बंदी सांगायची आणि आपली मोटार चालू ठेवायची, असा ठराव या चळवळीला शोभणार नाही. म्हणून या बैठकीला प्रत्येक नदीकाठच्या गावाने आपल्याबरोबर भोई समाजातले दोन जण आणावेत, बोलण्यासाठी. आणि ज्या बाया झिऱ्याचे पाणी भरत होत्या त्यांतल्या दोघी.

मसुद्यात काय आहे ते थोडक्यात देतो, म्हणजे घरून विचार करून येता येईल. गावाने एक डोह निवडावा आणि गुढीपाडव्यापासून नदी वाहती होईपर्यंत त्यातले शेवटचे पुरुषभर पाणी कुणी उपसू नये. त्या डोहाच्या वर आणि खाली पाचशे पावले वाळूचा लिलाव होऊ देऊ नये, ग्रामसभेत तसे लिहून घ्यावे. विष आणि करंट लावणाऱ्याला गावाने दंड करावा. पहिल्या पुरानंतर पंधरा दिवस चढणीचा मासा धरू नये. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जी समिती आणि जी नोंदवही असायला हवी, ती काढून पाहावी. बहुतेक ठिकाणी ती कुणीतरी तालुक्याला बसून भरून दिली आहे. आमच्या गावच्या वहीत नदीतल्या माशांच्या रकान्यात रोहू आणि कटला लिहिलेले आहेत. मरळ नाही.

यावर हरकती आहेत हे मला माहीत आहे. ज्याची विहीर नाही आणि नदीच्याच मोटारीवर दोन एकर हरभरा आहे त्याने काय करायचे? हरभऱ्याला पाणी लागते ते डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा नदी वाहती असते, त्याला आड येणारे मसुद्यात काही नाही. पण ज्याच्या संत्र्याची झाडे मे महिन्यात वाळतात त्याची अडचण खरी आहे आणि तिला मसुद्यात उत्तर नाही. सगळ्या गावाने मिळून त्याला टँकरचे पैसे द्यावेत असे एका गावाने सुचवले आहे, दुसऱ्या गावाने ते हसण्यावारी नेले. वाळूचा ट्रॅक्टर कर्ज काढून घेतलेल्या पोराचे हप्ते कोण भरणार, हाही प्रश्न आला आहे. यातले काहीही मतदानाने रेटून न्यायचे नाही. दुपारचे जेवण झाल्यावर हा विषय पहिला घेतला जाईल, म्हणजे वेळ संपली असे होणार नाही.

येताना गावच्या डोहाचे नाव, उन्हाळ्यात उरणारी खोली (हातात किंवा पुरुषात, जशी ठाऊक असेल तशी), त्यावर किती मोटारी बसतात, आणि साठीच्या पुढच्या माणसाने सांगितलेली माशांची नावे एका कागदावर लिहून आणा. माझ्या गावचा कागद मी आणीन. मोटारींच्या रकान्यात पाच लिहिले आहेत.

— संपादक